दारात बसलेल्या आक्का

आमच्या बचत गटाच्या आक्कांनी पदर खोचला की गल्लीतल्या बायका आपापली भांडी उचलून आत जात. हप्ता चुकवलेल्या बाईला त्या भर रस्त्यात विचारायच्या, "पोटाला खातीस न्हवं? मग गटाला का उपाशी ठेवतीस?"

महापुरानंतर मात्र कुणी कुणाला काही विचारण्याच्या अवस्थेत नव्हतं. पाणी उतरलं तेव्हा माझं शिलाई मशीन चिखलात आडवं पडलेलं सापडलं. ते मी एका खासगी कंपनीच्या कर्जावर घेतलं होतं आणि गटातल्या साऱ्याजणी मला जामीन होत्या. आक्कांची तर दुभती म्हैसच गेली होती.

घराच्या भिंती अजून ओल्या होत्या, तेवढ्यात कंपनीचा वसुलीचा माणूस आला. नवरा कामावर, घरात मी एकटी. "हप्ता घेतल्याशिवाय उठणार नाही," म्हणून तो उंबऱ्यावरच बसला. फोनवर मोठमोठ्यानं माझं नाव घेऊन बोलायचा. समोरची दारं किलकिली व्हायची. दुपार टळली तरी तो हलला नाही.

मग आक्का आल्या. काखेत सतरंजी, मागं गटातल्या बायका. त्याच्यासमोर सतरंजी पसरून त्यांनी बैठक मारली.

"बसा पावणं. आमीबी बसतो."

"मावशी, तुम्ही जामीन आहात. तुम्ही भरा मग."

"भरू की. पर मशीन चालू झाल्यावर. आज न्हाय."

"मग मी हलत नाही."

"हलू नगा. पर आता हिच्याशी न्हाय, माज्याशी बोला. लावा तुमच्या सायबाला फोन."

साहेब बराच वेळ दमात बोलत होता. आक्का ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, "सायेब, मुदत द्या. रुपाया बुडवणार न्हाय. पर ह्या पोरीच्या दारात परत माणूस बशीवला, तर तुमचं कर्ज घेतलेली गल्लीतली एकबी बाई हप्ता देणार न्हाय."

बायकांनी एकमेकींचे हात धरले. अखेर त्या माणसानं फोन मागून घेतला, "हो सर, हो सर" म्हणाला आणि चपला घातल्या. दिवाळीपर्यंत मुदत मिळाली.

गटाच्या स्वतःच्या बचतीतून तेव्हा एकीलाच कर्ज मिळणार होतं आणि नंबर आक्कांचा होता, म्हशीसाठी. त्या बैठकीत म्हणाल्या, "यंदा मशीन दुरुस्तीला द्या." वर कुणाला बोलू दिलं नाही. त्यानंतर मात्र माझी सुटका नव्हती. "सकाळपास्नं आवाज न्हाय. मशीन बंद पडलंय का तू?" असं रोज दारातून यायचं.

माझी दोन्ही कर्जं फिटली. आक्कांचा नंबर पुन्हा आला, तोवर त्यांचे गुडघे गेले होते. मुलानं त्यांना पेठ वडगावला न्यायचं ठरवलं. टेम्पोत सामान चढत असताना मी म्हणाले, "आक्का, माझ्यामुळं तुमची म्हैस घ्यायची राहिली."

"म्हशीचं काय घिऊन बसलीस? त्यो माणूस दारात बसला त्या दिशी तू घरामागल्या परड्यातल्या आडाकडं बघत उभी हुतीस. आमच्या मोकळ्या गोठ्यातनं बघितलंतं मी."

टेम्पो निघून गेला. आडाची ती गोष्ट मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नव्हती.