मांडवाचं गाणं

कार्यक्रम ऐन रंगात आलेला असताना हिराजी गळ्यातली गिटार काढून खुर्चीवर ठेवायचा आणि स्टेजच्या कडेला येऊन उभा राहायचा. समोरून कोणीतरी सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केलेली असायची. हिराजी त्या माणसाला गर्दीतून बरोबर हुडकून काढायचा. "ए चौकड्याचा शर्ट, तुलाच बोलतोय. सिनेमाचं गाणं पायजे तर टॉकीज हाय ना रं? आमी इथं आमचं गाणं सांगायला आलोय. ऐकायचं तर बस, नायतर वाट मोकळी हाय." चौकड्याचा शर्ट मंडळाच्या अध्यक्षाचा मेहुणा निघाला तरी त्याला फरक पडत नसे. पुढच्या वर्षी त्या मंडळाचं बोलावणं येत नसे, हा भाग वेगळा.

हिराजी साजगावच्या एका कारखान्यात वायरमन होता. घर खालापूरकडच्या एका आगरी खेड्यात. खाली भाताची खाचरं, वर घाट. सत्तरच्या दशकात आमच्याकडच्या लोकांनी गिटार पाहिली होती ती पडद्यावर, नायकाच्या हातात. हिराजीने कुठूनशी एक मोडकी गिटार पैदा केली, तिला स्वतः गुंडाळलेली कॉइल बसवली आणि लग्नात भोंगे लावणाऱ्याच्या अँप्लिफायरला जोडली. मी तेव्हा कर्जतच्या शाळेत भूगोल शिकवत होतो आणि भिसेगावात राहत होतो. शाळेच्या प्रार्थनेला पेटी वाजवायचो, एवढंच माझं संगीत. एका रविवारी हा माणूस दारात हजर.

"मास्तर, तुमी पेटी वाजवता म्हंतात. पेटी इसरा. मला बास गिटारला माणूस पायजे."

"अहो, मी ती पाहिलीसुद्धा नाही," मी म्हणालो.

"मी तरी कुठं बघितलीय? बनवतोय."

अशा रीतीने 'पाताळगंगा बीट ग्रुप' उभा राहिला. मी बासवर, हिराजी गिटारवर आणि ड्रमवर बबन. बबन त्याच्याच गावचा, त्याच्याच कारखान्यातला, हाताला ताल जन्मजात. कर्जतच्या एका भातगिरणीचं गोदाम आम्हाला रविवारी वापरायला मिळे. घरी परतेपर्यंत केसांत, कानात, वाद्यांत सगळीकडे कोंडा.

लोक आम्हाला 'बेंजोवाले' म्हणत. आमच्याकडे हळदीला, वरातीला बेंजो पार्टी येते आणि चालू सिनेमाच्या चाली वाजवते. त्यात वाईट काही नाही, पण हिराजीला तो शब्द मिरचीसारखा झोंबायचा. "नक्कल माकडंबी करतात. माणसानं आपलं सांगावं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि तो खरंच आपलं सांगायचा. शिफ्ट, गावातली भांडणं, घाटात बंद पडलेला टेंपो, सगळ्यांवर त्याची गाणी होती. लग्नाचीही होती, आणि त्यातलं एक गाणं वेगळं होतं. त्याच्या एकुलत्या एका बहिणीच्या हळदीला त्याला कारखान्यातून सोडलं नव्हतं. माणूस कमी होता, म्हणून साहेबाने दुसरी पाळीही त्याच्याच गळ्यात मारली. तो पोचला तेव्हा हळद उरकली होती. बहिणीने डोळे वर करून पाहिलं नाही. त्यावर त्याने लिहिलं,

*भाऊ गं माझा फाटकाआड*
*हळद वाळली अंगावरी*

हे गाणं तो स्वतः कधी म्हणत नसे. खरं कारण कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "माझा आवाज टेंपोच्या हॉर्नसारखा हाय," म्हणायचा आणि दुसऱ्याला म्हणायला लावायचा.

पण दुसरा टिकेल तर ना! दोन वर्षांत बबन कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात गेला. तिथे सिनेमाची गाणी आणि चमचमता कोट होता. त्याच्या जागी जोसेफ आला. तो केरळचा, शांत, फार सुंदर वाजवणारा. त्याच्या कारखान्याला टाळं लागलं आणि तो गावी निघून गेला. मग औषधांच्या दुकानदाराचा मुलगा आला. त्याचं लग्न ठरलं आणि सासरच्यांना जावई ढोल बडवतो हे आवडलं नाही. गाणाऱ्यांची तर गणतीच नको. प्रत्येक ड्रमवाला निघताना हिराजी एकच सांगायचा, "जा. पन काड्या ठेवून जा." ड्रमच्या काड्या ग्रुपच्या होत्या ना! मलाही त्याने दोनदा काढून टाकलं. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींच्या नाचाला मी सिनेमाची चाल वाजवली म्हणून. महिनाभर रागावून हाच परत दारात. "मास्तर, चला. कोंडा वाट बघतोय."

शेवटी गायला कोणीच उरलं नाही, तेव्हा त्याने जे केलं ते त्यालाच सुचू शकतं. त्याने आपल्या आत्याला आणलं. बारकीआत्या धवलारीण होती. आमच्याकडच्या आगरी लग्नात भटजी असो नसो, धवलारणीवाचून पान हलत नाही. हळद दळण्यापासून प्रत्येक विधीला ती धवला गाते. तिने गायलं म्हणजे लग्न लागलं. हिराजीने तिला जाऊन थाप मारली, की लग्नाची ही गाणी जुनी आहेत, आजी मला म्हणून दाखवायची. कारण पुरुषाने कारखान्यात बसून रचलेलं गाणं धवलारीण तोंडात घेणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

"माझ्या आयेनं मला कशी नाय सांगितली रं?" आत्याने विचारलं.

"तू सासरला गेली व्हतीस."

आत्या म्हणाली, "म्हणून दाव."

ती तयार झाली, पण तिची एक अट होती. धवला मांडवाबाहेर गात नाहीत. तेव्हा खोपोलीच्या एका गणपतीत हिराजीने माइकच्या दांड्याला आंब्याचे टाहाळे बांधले. आत्याने वर पाहिलं, "झाला मांडव," म्हणाली आणि पाटावर बसली. इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रमवर कसाबसा शिकवलेला एक पोरगा, आणि मधोमध नऊवारीतली साठीची बाई. लोक आधी हसले. मग 'हळद वाळली अंगावरी' आलं. तिने शेवटची ओळ हिराजीच्या चालीपेक्षा जरा खाली उतरवली, आणि समोरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. त्या दिवशी कोणी फर्माईश केली नाही.

इथपर्यंत सांगताना मला बरं वाटतं. पुढचं सांगताना नाही.

कॅसेटचा जमाना आला होता. बबन ऑर्केस्ट्रातून परत उगवला तो एका मुंबईच्या माणसाला घेऊन. तो म्हणे कॅसेट काढायचा. गोदामात बसून त्याने आत्या गायची ती सगळी गाणी टेपवर उतरवून घेतली, चहा प्याला आणि विचारलं, "गाणी कोणाची?"

हिराजी उत्तर द्यायला पुढे झाला होता. मी पाहिलं ना! पण आत्या आधी बोलली. "आमची कुनाचीच नाय. मांडवाची हायेत."

धवलारीण हेच म्हणणार. धवला कोणाच्या मालकीचा नसतो. माझं गाणं म्हटलं तर नवरानवरीला लागतं, अशी त्यांची श्रद्धा. मुंबईचा माणूस खूश झाला. "म्हणजे पारंपरिक," म्हणाला. आणि ज्याने उभ्या आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नाही, तो हिराजी गिटारच्या तारा पुसत बसून राहिला. बबनला सगळं माहीत होतं. पहिल्यांदा ते गाणं वाजलं तेव्हा ड्रमवर तोच होता. तो दात काढून हसला.

बाहेर आल्यावर मी हिराजीची कॉलरच धरली. "बोलला का नाहीस?"

"आत्या बसलीवती, मास्तर. काय सांगू? तुझ्या मेलेल्या आयेच्या नावानं तुला फसवलं, असं परक्या मानसासमोर सांगू?"

कॅसेट आली. वेष्टनावर 'पारंपरिक लग्नगीते', खाली संगीत संयोजन म्हणून बबनचं नाव. आत्याच्या जागी कोणी गोड गळ्याची बाई. आणि गाण्यातल्या भावाचा त्यांनी साजन केला होता! 'साजन गं माझा फाटकाआड.' ज्या ओळीपायी त्या माणसाची झोप उडाली होती, तिला यांनी डोळा मारायला लावला. मी ती कॅसेट हिराजीसमोर फोडली. तो म्हणाला, "फोडून काय व्हनार? दुकानात पेटी भरून हायेत." ग्रुप तिथेच संपला. या वेळी काड्या कोणी मागितल्या नाहीत.

पुढे आत्या आजारी पडली. मी भेटायला गेलो आणि न राहवून बोललो. म्हटलं, "आत्या, तुमच्या एका शब्दाने तुमच्या भाच्याचं वाटोळं झालं. गाणं त्याचं होतं."

ती पडल्या पडल्या म्हणाली, "मला काय अक्कल नाय का मास्तर? माझ्या आयेच्या वक्ताला साजगावला कारखान्याचं फाटक कुठं व्हतं? भात व्हतं. पयल्या दिवशीच कळलं मला."

मी ताबडतोब सायकल काढली आणि हिराजीला घेऊन आलो. तो वाटेवरूनच ओरडत घरात शिरला.

"तुला म्हाईत व्हतं? मग मी इतकी वर्सं तोंड शिवून बसलो ते कशापायी गं?"

"ते तुझं तुला म्हाईत. मी मांडवाचं म्हटलं, म्हंजे ते दर लग्नात गातील. धवलारीण भाच्याला ह्याच्यावर काय देनार?"

"मला नाव पायजे व्हतं!"

"मग घालते नाव," आत्या उठून बसायला लागली. "माझ्या हाताखाली चार पोरी शिकल्यात. सांगते त्यांना, हे हिराजीचं. पन नावाचं गानं मांडवात चालत नाय. त्या उद्यापासनं सोडून देतील. मग तुझं गानं त्या कॅसेटवाल्याच्या साजनासंगं ऱ्हाईल. बोल, नाव पायजे का गानं पायजे?"

हिराजी दाराकडे वळला. मग शिवी हासडावी तसा म्हणाला, "गानं." आणि चपला न घालता बाहेर गेला.

हा कुठला न्याय? ज्याने चोरलं त्याचं नाव दुकानादुकानात टांगलेलं, आणि ज्याने रचलं त्याला म्हणे दोन्हींतलं एक निवड! मी हे आत्याला तोंडावर बोललो. ती म्हणाली, "मास्तर, तुमी चा घ्या." महिनाभराने ती गेली. आज हिराजीही नाही. तरी त्याचा शब्द मोडायची माझी छाती होत नाही, म्हणून हिराजी हे त्याचं खरं नाव नव्हे, आणि वरच्या ओळीही मी फिरवून लिहिल्या आहेत. ज्यांच्या मांडवात ते गाणं आहे त्यांना हे वाचून ओळखता येऊ नये, एवढी काळजी घेतली आहे. ती घ्यावी लागते याचाच मला संताप आहे.

आत्या गेल्यावर दोन वर्षांनी हिराजीच्या भावकीत एक हळद होती. भर दुपार, मांडवात बायकांची गर्दी. धवलारीण विशीतली, आत्याच्या शिष्येची मुलगी. तिने ते गाणं धरलं. गाण्यातला भाऊ भाऊच होता, साजन नव्हे. हिराजी माझ्या शेजारी बसून नकळत गुणगुणू लागला, आणि शेवटच्या ओळीला त्याने आपली मूळची चाल लावली. आत्याने बदललेली नव्हे, आपली. मुलगी थांबली.

"काका, येत नसंल तर गप ऱ्हावा की! ते तसं नाय."

सगळा मांडव हसला. माझं डोकं भडकलं. मी उठलोच होतो, बोलणारच होतो. हिराजीने माझा सदरा धरून मला खाली ओढलं.

"बसा, मास्तर," तो म्हणाला. मग त्या मुलीकडे वळला. "चुकलं, बाय. परत म्हन. शिकतो."

तिने परत म्हटलं. तो खाली मान घालून तिच्यामागून एकेक ओळ म्हणत गेला. मी न जेवता उठलो.