रविवारी एकच माप

टेलर मास्तरांची इटलीत वाढणारी सात वर्षांची नात दर रविवारी व्हिडिओ कॉलवर यायची, 'च्याओ' म्हणायची आणि धूम पळायची. तिला मराठीचा गंध नाही, मास्तरांना इटालियनचा. मग मुलगा विचारायचा, "जेवलात ना बाबा? ठेवू?" झाला रविवार! बायको गेल्यापासून मास्तरांशी बोलायला मशीन तेवढं उरलं होतं.

पण गप्प बसतील तर ते मास्तर कसले! नातीला लाल कोट शिवायचा, आणि मापं तिच्याच तोंडून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. इटालियनचं पुस्तक आणलं आणि कपाळाला हात लावला. आपला लाल बिचारा कुठंही लालच. तिकडे कोट 'रोस्सो', बाही 'रोस्सा', बटणं 'रोस्सी' आणि खिसे 'रोस्से'! "एका रंगाची चार सोंगं, मेल्यांनो!" मास्तर करवादले. मग स्वतःशीच हसले. आपण तरी काय करतो? काळा कोट, काळी बाही, काळे खिसे. जसं कापड तसा दोरा.

महिनाभर घोकून एका रविवारी त्यांनी विचारलं, "मानिका लुंगा ओ कोर्ता?" बाही लांब की आखूड?

पळत निघालेली नात थबकली. "लुंगा!" म्हणाली आणि चक्क टेप घेऊन बसली.

दोन मिनिटांत अख्खं माप घेणाऱ्या मास्तरांनी त्या दिवशी फक्त बाही घेतली. खांदा पुढच्या रविवारी. मुलगा म्हणाला, "मीच पाठवतो ना सगळी मापं." "तू मधे पडू नकोस," मास्तरांनी दटावलं. कधी तिचं पोहणं असायचं, कधी मुलाकडे पाहुणे, कधी मास्तर मापाऐवजी नुसते शब्दच विचारत बसायचे. सहा मापांना आठ महिने लागले.

गिऱ्हाइकांच्या पोरांना दोन बोटं वाढतं शिवणारे मास्तर नातीचा कोट मात्र अगदी अंगाबरोबर शिवून बसले. तो पोचला त्या रविवारी नातीनं हात पुढं केला. मनगट उघडं.

"मानिका कोर्ता, नोन्नो," आजोबांना सांगून ती गेली.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"बाबा, इतके महिने का लावलेत?" मुलानं विचारलं.

"सगळी मापं एकाच दिवशी घेतली असती," मास्तर म्हणाले, "तर ती परत कशाला बसली असती माझ्याशी बोलत?"

त्या दिवशी मुलानं 'ठेवू?' असं विचारलं नाही.

"बाबा, मलाही एक कोट शिवाल?"

मास्तरांनी टेप गळ्यात घातली, चष्मा पुसला. "शिवतो की. पण रविवारी एकच माप हं."