रक्त दिल्यानंतरची कुस्ती
स्पिरिटचा वास आला की मला कन्नड मुलखातल्या चामराजपेटची तालीम आठवते. शेजारच्या अक्कांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. तिला रक्त हवं होतं, पण ताकद जाते म्हणून एकही पैलवान देईना. मी देऊन आलो. दुसऱ्या दिवशी तेल-हळदीच्या वासाच्या लाल मातीत उतरलो, तर वस्ताद म्हणाले, "बाजूला बस. आज तुला कुणीही लोळवेल." म्हटलं, "मग तुम्हीच या की, अण्णा!" आले, आणि चितपट झाले. उठून म्हणाले, "सरी, पटलं. चला रे दवाखान्यात." सगळी तालीम निघाली. आजारानं पोरीला नेलंच, पण त्याआधी दसऱ्याला घरात पायऱ्यांवर सजवायच्या बाहुल्या तिनं स्वतः मांडल्या. परवा अशाच रोग्यांसाठी स्टेम सेल देणाऱ्यांचं शिबिर होतं. वयामुळे मला घेतलं नाही. मी दाराशीच खुर्ची टाकली आणि कचरणाऱ्या प्रत्येक तरुणाला ही कुस्ती सांगितली.