पासलीच्या पठारावरचा तिसरा आरसा

पासलीला मी आठ-दहा वेळा गेलोय, पण या खेपेला पिशवी भरताना हात जड झाले होते. जायला नको वाटत होतं, म्हणूनच जायला हवं होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. मी भोरच्या एसटी वर्कशॉपमधला निवृत्त मेकॅनिक. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं लेथनं शिकवलं. वेल्ह्याच्या पुढे पासली गावाच्या वर पठार आहे, तिथे काही हौशी लोकांनी मंडळ काढून छोटी वेधशाळा उभी केली आहे. तिथे एक मोठी दुर्बीण नाही. लहान दुर्बिणी एकमेकींपासून लांब ठेवल्यात, आणि त्यांनी गोळा केलेला उजेड नळ्यांतून एका खोलीत आणून मिसळतात. काम बघतात मधुरा मॅडम. पूर्वी कॉलेजात शिकवायच्या, आता अर्धा आठवडा इथेच असतात. उजेडाच्या खोलीत रुळावर सरकणारी आरशाची एक गाडी आहे, ती माझ्या हातची. आणि राखण धोंडिबाची. पासलीचाच शेतकरी, पन्नाशी उलटलेला, पहिल्या दुर्बिणीचा पाया खोदला तेव्हापासून तिथे आहे.

यंदा उन्हाळ्यात तिसरी दुर्बीण आली. दसऱ्याच्या आधी धोंडिबाचा मला फोन. "चाचा, खंडेनवमीला हितं काय करायचं?"

आमच्या डेपोत खंडेनवमीला जातधर्म नसायचा. पाने, पकडी, जॅक धुऊनपुसून मांडायचो, गाड्यांना हार घालायचो, आणि कित्येक वर्षं नारळ माझ्याच हातचा. मी म्हटलं, "करायचं काय? सगळं लख्ख पूस, हळदकुंकू लाव, फूल वाहा. यंत्र आपल्याला पोसतं." माझ्या डोळ्यांपुढे रूळ होते, मोटारी होत्या, हत्यारांची पेटी होती. धोंडिबाने नवी दुर्बीण उघडून तिचा आरसा पुसला. चुलीची राख वस्त्रगाळ करून, धोतराच्या मऊ फडक्याने. वर कुंकवाचं ओलं बोट.

घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या पाठीमागे असतो, दुर्बिणीच्या आरशाचा पुढे. त्याला नुसतं फडकं लावणंही पाप. राखेनं तो पार ओरबाडला गेला.

हे मला मधुरा मॅडमनी फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "मंडळानं धोंडिबांना पुढच्या महिनाअखेर कामावरून थांबवायचं ठरवलंय. तुम्ही एकदा येऊन गाडीचा रूळ बघून जा." मी "येतो" म्हणालो. 'त्याला पूजा कर म्हणून मीच सांगितलं होतं' हे वाक्य तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. तीन आठवडे राहिलं. शेवटी ते घेऊनच निघालो.

भोरहून सकाळची गाडी धरली. ज्येष्ठांना अर्धं तिकीट, तेवढी म्हातारपणाची मिळकत. कापूरहोळला हमरस्ता लागला, नसरापूरला उतरून वेल्ह्याची गाडी पकडायची. ही गाडी वेळेवर येईल असं धरून चालू नका. पाऊण तास स्टँडवर बसलो. चहा बरा मिळतो, वडापाव सकाळीच खाऊन घ्या, दुपारी थंडगार असतो. स्वतःच्या गाडीने येणार असाल तर मार्गासनीपर्यंत रस्ता बरा आहे. वेल्ह्याच्या पुढे अरुंद आणि वळणाचा, पेट्रोल आधीच भरा.

गाडीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बायका बोलत होत्या. दोघींच्या मांडीवर रिकामी पोती.

"तुमचं भात झालं का कापून?"

"बांधाकडचं राहिलंय. शेजारी त्यो बंगला झालाय न्हवं, रातभर दिवं जळत्यात. दिव्याखालचं भात निसवलंच न्हाई येळंवर, लोंबीच बाहेर पडंना."

"मग मालकाला सांगायचं."

"सांगितलं की. म्हनला, आजी, दिव्यानं तुमच्या शेतात उजेडच पडतोय, फुकाट."

दोघी हसल्या. मला पठार आठवलं. पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा तिथून पूर्वेला काळोख होता. आता फार्महाउसच्या दिव्यांची माळ दिसते. मॅडम म्हणतात, अजून पाच-सात वर्षं हाती आहेत, म्हणूनच त्यांना घाई.

वेल्ह्याला धोंडिबा मोटरसायकल घेऊन उभा होता. नेहमी लांबूनच "चाचा, वजन वाढलं जनू" म्हणून चेष्टा करणाऱ्या माणसानं या वेळी नुसते हात जोडून पिशवी घेतली. तोरण्याचा माथा ढगात होता.

खिंडीत मी गाडी थांबवायला लावली. म्हटलं, "धोंडिबा, तू मॅडमना माझं नाव का नाही सांगितलंस?"

"कशापायी सांगू?"

"मी म्हटलं म्हणून तू केलंस ना?"

"तुमी पूजा कर म्हनला. राख लाव असं कुठं म्हनला? राख म्या लावली. घरात देवाची भांडी तशीच निघत्यात." मग म्हणाला, "नवी व्हती न्हवं, चाचा. वाटलं, हिला पहिलाच दसरा हाय."

मी पुन्हा त्याच्या मागे बसलो.

दुपारी जेवण त्याच्याच घरी. तांदळाची भाकरी, घेवड्याची आमटी, नव्या आंबेमोहराचा भात. त्याची बायको हौसाबाई वाढताना म्हणाली, "पगार जाईल त्याचं न्हाई. शेत हाय आमाला. पर गावात लोक इचारत्यात, काय फोडलं म्हनं तुमी वरचं? ह्यांनी वर जायची वाटच बदलली, देवळावरनं जात न्हाईत आता." धोंडिबा खाली मान घालून जेवत होता. त्या घरात नेमकं काय पणाला लागलंय ते मला तेव्हा कळलं. गावानं त्याला 'दुर्बीणवाले' म्हणणं, शाळेच्या पोरांना तोच वर नेऊन दाखवणं, हे सगळं त्याच्या कमरेला असलेल्या वेधशाळेच्या किल्लीला बांधलेलं होतं.

पठारावर वारा बोचरा होता. तिसऱ्या दुर्बिणीच्या घुमटावर ताडपत्री. मॅडमनी आरसा काढून पेटीत ठेवला होता, मला दाखवला. मध्यभागी धुकं साचल्यासारखा पांढुरका पट्टा आणि कुंकवाची फिकी टिकली. नव्या मुलाम्याला नंबर लावलाय, पण तो होळीच्या आसपास लागेल. म्हणजे हिवाळ्याचं स्वच्छ आभाळ हातचं गेलं.

मी विचारलं, "दोन आहेत की. दोन्हींवर नाही का भागत?"

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. ताऱ्याचा उजेड दोन दुर्बिणींतून येऊन मिसळला की काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात. त्या किती ठळक उमटतात यावरून तारा केवढा रुंद आहे ते कळतं. पण मधली हवा थरथरते, डांबरी रस्त्यावर उन्हात थरथरते तशी, आणि पट्ट्या इकडेतिकडे पळतात. त्यात निम्मी बातमी हरवते. तिसरी दुर्बीण आली की तिघींची जुळणी करून हवेची लबाडी वजा करता येते. भावकीच्या तंट्यात दोघांच्या सांगण्यावर निवाडा होत नाही, तिसरा साक्षीदार लागतो, तसंच. मग ताऱ्याचा आकार कळू लागतो, गोल आहे की चपटा, एकटा आहे की जोडीनं. उन्हाळ्यात सात-आठ रात्री तशी साक्ष मिळाली होती. त्या आकड्यांचे कागद मॅडमनी भिंतीवर चिकटवलेत. पुढे भिंत कोरी.

मी रुळाकडे वळलो. एका वाटेनं उजेड जरा आधी पोचतो, म्हणून त्याला ही गाडी मागे-पुढे करून तेवढंच जास्त चालायला लावायचं असतं. केसाच्या जाडीची चूकही चालत नाही. एका सांध्यात गंज धरला होता, तो काढला, चाकाचं बेअरिंग बदललं. हात कामात होते तोवर बरं वाटत होतं.

मग हात पुसले आणि म्हटलं, "मॅडम, धोंडिबाला पूजा करायला मी सांगितलं होतं. सगळं लख्ख पूस, हे माझे शब्द."

त्या लॅपटॉपवरून वर बघत राहिल्या. "फोनवर का नाही बोललात?"

"भ्यालो."

"तीन आठवडे?"

"हो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "चूक माझीपण आहे चाचा. आरशाला हात लावायचा नाही, हे मी गृहीतच धरलं, कधी तोंडानं सांगितलं नाही. मंडळाशी बोलते."

दिवेलागणीला पश्चिमेकडे अभिजित तारा दिसू लागला. दोन दुर्बिणी त्याच्याकडे वळवल्या. गाडी सुतासुतानं सरकली आणि पडद्यावर पट्ट्या आल्या, बारीक, थरथरत्या. मॅडमनी हाक मारली, "धोंडिबा, या, पट्ट्या आल्यात." तो आला, पण उंबऱ्याशी थांबला. पूर्वी तो चपला काढून थेट मॅडमच्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा.

"हितनं दिसतंय की," तो म्हणाला. दारातून पडद्याची फक्त कड दिसते.

सकाळी मॅडमनी मंडळाला फोन लावला. मी अंगणात उभा. बराच वेळ बोलणं चाललं, मग त्या बाहेर आल्या. नजर माझ्याकडे नव्हती.

"म्हणतात, चाचांच्या हाताशिवाय गाडी चालायची नाही, त्यांना काही बोलू नका. पण देणगीदारांना काहीतरी केलं असं दाखवायला लागतं. पहाऱ्याला एजन्सीचा माणूस येणार, निर्णय तोच."

मी म्हटलं, "मग मीपण येत नाही."

"मग ही दोन दुर्बिणींची जुळणीही बंद पडेल," त्या म्हणाल्या. त्यात धमकी नव्हती, नुसती खरी गोष्ट होती.

धोंडिबा दारातून ऐकत होता. कमरेची किल्ली सोडली, आत मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर आला. महिना संपायला बारा दिवस होते. "चाचा, येडेपना करू नका," एवढंच म्हणाला. मग मला वेल्ह्याच्या स्टँडवर सोडलं. देवळावरच्या वाटेनं गेला नाही, लांबचा वळसा घेतला.

घरी येऊन दहा-बारा दिवस झाले. तुम्ही विचाराल, जावं का तिथे? जरूर जा. पठार देखणं आहे, मॅडम वेळ असला तर नीट समजावतात. फाटकावर गणवेशातला माणूस असेल, तो नाव लिहून घेईल. तारे मात्र त्याला विचारू नका.

मला या प्रवासातून काय उरलं ते सांगतो. खरं बोललो आणि मला काहीही भरावं लागलं नाही. माझ्या हातात कसब होतं म्हणून माझी चूक माफ झाली. त्याच्या हातात नुसती माया होती. मंडळाला मी पत्र लिहिलं, 'चूक माझी' असं स्वच्छ अक्षरात. उत्तर आलं, 'आपल्या सहकार्याबद्दल आभार.' ते पाकीट अजून टेबलावर पडलंय.

काल धोंडिबाला फोन केला. पाठीमागे भात झोडल्याचा आवाज येत होता. पत्राचं सांगितलं. "जाऊ द्या चाचा, काम लई पडलंय," म्हणाला. मग झोडणं थांबलं असावं, कारण आवाज जवळून आला.

"त्या आरशाचं कसं हाय? डाग निघंल का त्यो?"

"नवा मुलामा दिला की निघेल."

"निघाला की मला कळवा," तो म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.