अर्ध्या इंचाने हुकलेला क्रॅपी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या बाबांनी जाहीर केलं की, "तिकीट अलीकडचं करून घेतलं मी. पुढच्या शुक्रवारी चाललो. आणि आता पुन्हा काही येत नाही. तुमची अमेरिका पाहून झाली."

बाबा म्हणजे भंडाऱ्याचे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक, वय वर्षं शहात्तर. आई गेल्यावर पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी आले होते, सहा महिन्यांसाठी. चौथ्या महिन्यातच कंटाळले. दिवसभर खिडकीशी बसून म्हणायचे, "रस्त्यावर माणूस कसा नाही वं दिसत? गाड्याच गाड्या!" मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! "पुन्हा येत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून शुक्रवारच्या आत परत घ्यायला लावायचंच, असं मी मनाशी ठरवलं. कसं, ते मात्र ठाऊक नव्हतं.

उत्तर सापडलं गॅरेजमध्ये. गणपतीच्या मखराच्या थर्मोकोलमागे माझे दोन जुने फिशिंग रॉड उभे होते. नवीन लग्न होऊन आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा शेजारच्या डॉट आजींनी मला तळ्यावर नेऊन क्रॅपी पकडायला शिकवलं. क्रॅपी म्हणजे वीतभर लांब, चपटा, रुपेरी, काळ्या ठिपक्यांचा गोड्या पाण्यातला मासा. खायला अप्रतिम. पुढे नोकरी लागली, मुलगी झाली, डॉट आजी मुलाकडे राहायला गेल्या आणि रॉड मखरामागे गेले ते चौदा वर्षं तिथेच राहिले.

आता जॉर्डन लेक आमच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर. एवढ्याशा प्रवासाचं कसलं प्रवासवर्णन, असं म्हणाल. पण माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, हे सांगा. मिलिंद पुण्याचा, जन्मात मासा खाल्लेला नाही, पण प्लॅनिंग म्हटलं की अंगात येतं. त्याने शनिवारची कॅम्पसाइट बुक केली (तीसेक डॉलर, एप्रिलच्या विकेंडला जायचं असेल तर आधीच बघा), तंबू शोधला आणि सामानाची यादी फ्रिजवर चिकटवली. यादीत मासे पकडायचं सामान पाचव्या नंबरवर आणि पोहे पहिल्या.

वाचकहो, इथे लायसन्सशिवाय गळ टाकायचा नाही. ऑनलाइन मिळतं. बाहेरून आलेल्यांसाठी दहा दिवसांचं आणि वर्षाचं असे दोन प्रकार असतात. बाबा शुक्रवारी चाललेले, म्हणून मी दहा दिवसांचं काढलं.

"मासा नाही मिळाला तर पैसे वापस देतात काय?" बाबा.

"नाही देत."

"मग दहा दिवसांचंच ठीक आहे."

मुलीला मैत्रिणीकडे सोडून शनिवारी सकाळी निघालो. त्या आठवड्यात पाइनच्या झाडांचा पराग उडत होता. गाडी, पायऱ्या, टपालपेटी, सगळं पिवळंजर्द. "कोणाच्या हळदीला चाललो आपण?" असं म्हणून बाबा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले हो! हायवे ६४ने पश्चिमेला सरळ जायचं, चुकायची सोयच नाही. वाटेत गळाच्या सामानाच्या एका दुकानात थांबून मिन्नो घेतले, म्हणजे आमिषासाठी बोटाएवढे जिवंत मासे. दोन डझनांना पाच-सहा डॉलर. ती बादली मांडीवर घेऊन बाबा पुढच्या सीटवर बसले. पायाशी त्यांचा स्वतःचा स्टीलचा डबा.

"त्यात काय आहे बाबा?"

"कणीक. हिंग आणि भाजलेलं खोबरं घालून मळली. तुमच्या माशांना खरं खायला काय असते ते कळू दे."

मिलिंद आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, "आपल्यासाठी पण नाही मळली कधी अशी."

धक्क्यावर पोचलो तर तिथे एक म्हातारबाबा आधीच खुर्ची टाकून बसलेले. विटकी टोपी, पांढरी दाढी. नाव अर्ल. एप्रिलमध्ये क्रॅपी अंडी घालायला काठाजवळ येतात, त्यामुळे बोटीची गरज नाही, धक्क्यावरून आरामात मिळतात. हे सगळं मी मिलिंदला जाणकारासारखं सांगितलं आणि पहिलाच गळ फेकताना त्याची टोपी उचलून तळ्यात टाकली. चौदा वर्षांनी हात दगा देणारच.

"होतं असं," अर्ल म्हणाले, आणि सौम्यपणे दोन खुर्च्यांएवढे लांब सरकले.

बाबांची पद्धत भंडाऱ्याची. लाल-पांढरा बॉबर, म्हणजे दोरीवरचा तरंगता गोळा, पाण्याखाली गेला रे गेला की दोन्ही हातांनी असा झटका मारायचा की मासा थेट डोक्यावरून मागे! वैनगंगेतल्या मरळीला हा झटका चालतो. पण क्रॅपीचं तोंड इतकं नाजूक की झटक्याने ओठच फाटतो. पहिला मासा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्या वेळी गळ मागच्या झाडावर जाऊन बसला आणि मिलिंदला झाडावर चढावं लागलं.

"बाबा, झटका नका मारू. हळूच उचला."

"काहून? तू मला शिकवते? तुला पोहायला कोणी शिकवलं वं?"

गंमत म्हणजे माझाही पहिला मासा मी झटक्यानेच घालवला. रक्त कुठे जाणार!

दुपारी बाबांनी हट्टाने कणकेचा गोळा लावला. दहा मिनिटांत बॉबर गडप. रॉड असा वाकला की अर्लसुद्धा खुर्चीतून उठले. "आला! आला! रोहू आहे!" बाबा ओरडत होते, मी त्यांना कमरेला धरलं होतं, मिलिंद जाळी उलटी धरून उभा होता. वर आलं ते ताटाएवढं कासव. अत्यंत नाराज.

बाबांनी रॉड खाली ठेवला, चपला काढल्या आणि कासवाला हात जोडले. देवळात गाभाऱ्यासमोर ज्याच्यापुढे आयुष्यभर डोकं टेकवलं, त्याला गळाने ओढून काढलं म्हणून दोनदा माफी मागितली. अर्लनी दोर कापून दिला, गळ सोडवला, आणि बाबांचं बघून त्यांनीही टोपी काढली. कासव कणीक गिळून चालतं झालं.

त्या दिवशी एकही मासा मिळाला नाही. संध्याकाळी शेगडीवर मिलिंदने पिठलं टाकलं. पिठलं झकास झालं होतं, पण बाबांनी दोनच घास खाल्ले. "उगाच तुमची सुट्टी खर्ची घातली माझ्यापायी," एवढंच म्हणाले आणि तंबूत जाऊन झोपले. मला रडूच आलं. शुक्रवार सहा दिवसांवर होता.

रविवारी सकाळी धक्क्यावर अर्ल थर्मासमधली कॉफी घेऊन बाबांच्या शेजारी येऊन बसले. त्यांचं दक्षिणी इंग्रजी बाबांना कळेना, बाबांचं सरकारी इंग्रजी त्यांना. मग अर्लनी खिशातून कागदी रुमाल काढला, त्याला गळ अडकवला आणि बाबांसारखा झटका मारला. टर्रकन फाटला. दुसरा रुमाल घेतला, हळूच, अगदी हळूच उचलला. रुमाल अख्खा वर आला.

"अस्सं!" बाबा म्हणाले. "हे कोणी नीट सांगितलंच नाही मला."

मी मिन्नोंची बादली उगाच इकडची तिकडे ठेवली. मिलिंद लगबगीने पोह्यांकडे वळला.

पुढच्या पंधरा मिनिटांत बॉबर बुडाला. बाबांचे हात झटक्याला उठले, मध्येच थांबले, आणि गरम पातेल्यावरचं झाकण उचलावं तसा त्यांनी रॉड वर घेतला. टोकाला क्रॅपी. उन्हात चमकणारा, फडफडणारा, अख्खा! बाबांचा चेहरा मी काय सांगू. आई गेल्यापासून तसा पाहिला नव्हता.

मग अर्लनी मोजपट्टी काढली. या तळ्यात दहा इंचाखालचा क्रॅपी परत सोडावा लागतो. तोंड मिटून, शेपूट चिमटीत धरून मोजला. साडेनऊ.

"पुन्हा मोजा," बाबा म्हणाले. साडेनऊ.

"शेपटी ओढून पाहा." साडेनऊ.

मिलिंद म्हणाला, "बाबा, अर्धा इंच कोण बघतंय? टाका कूलरमध्ये."

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं! "तीस वर्षं कालव्यावर मी काय केलं, ठाऊक आहे? पाटलाच्या शेतात चार बोटं पाणी जास्त गेलं तर दार बंद केलं. नियम म्हणजे नियम." ते गुडघे टेकून बसले, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि सोडला. तो गेला तिकडे बराच वेळ बघत राहिले. डोळे पुसले. मग पराग गेला डोळ्यात म्हणाले.

नंतर मला दोन मिळाले, दोन्ही अकरा इंचांचे. बाबांना पुन्हा एकही नाही. निघताना त्यांनी उरलेली कणीक अर्लना डब्यासकट देऊन टाकली. अर्लनी वास घेतला आणि फार मनापासून "थँक यू, सर" म्हटलं.

घरी येऊन त्या दोन माशांचा भंडाऱ्याच्या पद्धतीचा खसखस-खोबऱ्याचा रस्सा केला. मिलिंदने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वरण-भात घेतला. बाबांनी तीनदा वाढून घेतलं. म्हणाले, "चव आहे. काटेही कमी." एवढंच. शुक्रवारी विमानतळावर मी गळ्यात पडून रडले. पुन्हा येण्याचं ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही, कारण नाही ऐकायची हिंमत नव्हती. आठवडाभर त्या खिडकीकडे बघवत नव्हतं. रॉड मात्र मखरामागे परत ठेवले नाहीत, दारातच आहेत. मिलिंद रोज अडखळतो.

परवा सकाळी बाबांचा फोन आला. तब्येत, हवा, शेजारचं लग्न, सगळं झालं. मग विचारलं, "काहून वं शुभा, त्या माशाला अर्धा इंच वाढायला किती दिवस लागत असतील?"

"वर्षभरात वाढेल बाबा. नक्की."

"मग असं कर," बाबा म्हणाले, "या खेपेला लायसन्स वर्षाचं काढ."