आईचं पूर्ण नाव

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सुरतेतल्या ज्या दवाखान्यात झालं, तिथल्या सिस्टरनी आधी मला वात आणला. गोळी असो की सलाइन, दर वेळी आईला तोच प्रश्न: "बा, आखुं नाम बोलो." पूर्ण नाव, तेही पेशंटने स्वतः सांगायचं. आमची आई खानदेशची. लग्नातला उखाणा सोडला तर तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. स्वतःचं नाव आणि आडनाव सांगून ती पदर तोंडाला लावायची. मधलं नाव मी सांगितलं, की सिस्टर मान हलवायची. "तुम्ही नाही, त्यांनीच."

शेवटी मी तडकलो. "हातात पट्टी बांधलीय ना? ती वाचा की!"

"पट्टी बांधणारंही माणूसच असतं, भाई," ती म्हणाली आणि तिने शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं. तिथल्या नवागामच्या मावशींचं नाव आणि आडनाव आईचंच होतं. फरक फक्त नवऱ्याच्या नावाचा, आणि ते त्याही घेत नव्हत्या. मावशींना इन्सुलिन चालू होतं. आईला मधुमेह नव्हता.

पाळी बदलली, नवी सिस्टर आली, तिनेही त्याच शब्दांत तेच विचारलं. माणसं बदलूनही न बदलणारी अशी शिस्त मी आमच्या बँकेतसुद्धा पाहिलेली नाही.

आईने सुईकडे पाहिलं, शेजारी पाहिलं, डोळे मिटले आणि पूर्ण नाव खणखणीत उच्चारलं.

दाराशी बसलेले वडील, शाळेच्या हजेरीत नाव पुकारल्यासारखे, ताडकन उभे राहिले.