मोत्यांच्या काट्यावरचे काडतूस

दुबईच्या खाडीपासून फुजैराच्या डोंगरांपर्यंत, बंदुकीच्या दारूचा कण माझ्या पत्नीच्या मामूंइतक्या अदबीने तोलणारा मनुष्य झाला नाही, हे विधान मी अर्जनवीस या नात्याने पूर्ण जबाबदारीने करीत आहे. मामू मूळचे रत्नागिरीकडचे, मोत्यांचे तोलणारे. मोत्यांचा धंदा बसला, तरी त्यांनी काटा विकला नाही; त्याच काट्यावर दारू तोलून ते वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरू लागले. तोलताना खिडक्या बंद, बोलणे बंद. मामींनी शिंकसुद्धा शेजारी जाऊन द्यावी, असा दंडक होता.

काडतूस मागणाऱ्याची ते हकिमासारखी नाडी पाहत. "निशाण किती लांब? वारा कुठला? बंदूक बापाची की स्वतःची?"

"मामू, बापाची असल्याने काय फरक पडतो?" मी एकदा विचारले.

"जावई, बापाची बंदूक माणूस जपून धरतो."

एकदा फुजैराच्या एका वृद्ध बदूला, वाळवंटी टोळीतल्या अरबाला, मीच त्यांच्याकडे नेले. ईदच्या दिवशी त्याला आणि त्याच्या मुलाला सुकलेल्या ओढ्यापलीकडील पांढऱ्या दगडावर पाच-पाच गोळ्या झाडायच्या होत्या. मुलाने हलक्या, वेगवान गोळीची नवी बंदूक घेतली होती. म्हाताऱ्याने मुलापेक्षा सरस नेम साधला नाही, तर आपल्या वडिलांची जुनी बंदूक त्याने कायमची खाली ठेवायची, असे ठरले होते. मामूंनी तीन दिवस विचार केला. "हलकी गोळी म्हणजे घोडा. ओढ्यात वारा आडवा, तिथं उंटच पाहिजे," म्हणून त्यांनी जड गोळी निवडली.

ईदला मुलाच्या पाचांपैकी चार गोळ्या लागल्या. म्हाताऱ्याच्या पहिल्या चारही लागल्या. पाचव्यासाठी त्याने मामूंनी दिलेल्या काडतुसांच्या पुडीत हात घातला, तर पुडी रिकामी!

"यबा, खलास! आता बंदूक भिंतीवर टांगा," मुलगा बापाला हसला.

मामूंचा चेहरा उतरला. बाजारात सर्वांत सरस मोती वेगळ्या लाल फडक्यात बांधून शेवटी दाखवण्याची रीत असते. मामूंनी सवयीने सर्वांत अचूक उतरलेले पाचवे काडतूस तसेच बांधले होते, आणि ते त्यांच्याच खिशात राहिले होते. फडके सोडूनही त्यांची मूठ उघडेना.

"मामू, द्या ना!" मी ओरडलो.

"देतो रे. एकदा बघू तर दे."

म्हाताऱ्याने ते हातात घेतले, डोळ्यांना लावले, मग झाडले. दगडाचा धुरळा उडाला. लोक म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन नाचू लागले, मुलगाही नाचला. मामू मात्र ओणवे होऊन रेतीत रिकामी पुंगळी शोधत होते.

मामूंना जाऊन आता दोन वर्षे झाली. ती पुंगळी मामींनी मला दिली. मी ती अर्जांवर वजन म्हणून ठेवतो. वजनाला ती फार कमी पडते. खाडीवरून वारा सुटला की अर्ज उडतात, आणि मी ते गोळा करीत फिरतो. दुसरे वजन ठेवण्याचा मात्र मला धीर झालेला नाही.